पावसाळ्यात बाटलीवरचं लेबल का सुटतं? क्रश, काकवी, मध विकणाऱ्यांनी ही पद्धत करून बघावी

सातारा / सांगली : पाऊस लागला की महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर घरगुती माल विकणाऱ्यांची एक डोकेदुखी सुरू होते. फ्रीजमधून काढलेली स्ट्रॉबेरी क्रशची बाटली गिऱ्हाइकाच्या हातात जाते आणि लेबल ओलं होऊन सरकतं. कधी लाल शाई बोटाला लागते, तर कधी अख्खं लेबलच क्रेटच्या तळाशी सापडतं.

आतला माल तोच असतो, चव तीच असते. पण लेबल गेलं की बाटली कुणाची, कधी भरली, कधीपर्यंत चालेल हे कुणालाच सांगता येत नाही. दुकानदार अशी बाटली ठेवत नाही, परत पाठवतो. महिनाभर राबून माल तयार केलेल्या बचत गटाच्या किंवा शेतकरी कुटुंबाच्या अंगावर तो तोटा बसतो.

ही अडचण फक्त क्रशची नाही. शिराळा, वाळवा, कराड, पाटण भागातली काकवी, महाबळेश्वर तालुक्यातला मध, तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्षाचा रस, जांभळाचं किंवा कोकमाचं सरबत, सगळ्यांची हीच कथा. बरं, महागडं छापील लेबल लावूनही ते सुटतं आणि साध्या झेरॉक्सचं लेबल टिकतं, असंही होतं. कारण खरा फरक कागदाच्या किमतीत नसतो. बाटली किती कोरडी होती, शाई कोणती होती आणि लेबलची कड बंद होती की उघडी, यावर सगळं अवलंबून असतं.

पाणी येतं कुठून?

बऱ्याच जणांना वाटतं, बाटली गळते म्हणून लेबल भिजतं. बहुतेक वेळा तसं नसतं. पाणी हवेतून येतं.

हवेत वाफ असते. गार वस्तूला ती लागली की तिचं पाणी होतं. माठाच्या शेजारी ठेवलेल्या थंड पाण्याच्या स्टीलच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तोच हा प्रकार. हवा २७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर साधारण २४ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही बाटलीवर पाणी सुटतं. म्हणजे फ्रीजच लागतो असं नाही. रात्रभर फरशीवर गार झालेली बाटली सकाळच्या दमट हवेतही ओली होऊ शकते.

आटपाडी-जतच्या उन्हाळ्यात हिशेब वेगळा. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर बाटली साधारण ११ अंशांच्या खाली असल्याशिवाय तिच्यावर पाणी धरत नाही, आणि धरलं तरी लगेच वाळतं. म्हणून मे महिन्यात जतला टिकलेलं लेबल जुलैमध्ये महाबळेश्वरला टिकेलच असं नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आपला माल जिथे विकला जाणार, तिथली हवा धरून लेबल करायचं, एवढं पक्कं.

मधाची गोष्ट आणखी निराळी. मध फ्रीजमध्ये ठेवायची गरज नसते, पण थंडीत तो गोठतो, साखरेसारखा दाणेदार होतो. मग गिऱ्हाईक बाटली कोमट पाण्यात उभी करतं. तिथे कागदाचं लेबल हमखास सुटतं. शिवाय मध असो की काकवी, बाटलीवरून ओघळलेला थेंब हवेतलं पाणी ओढून घेतो आणि वाळत नाही. त्या चिकट थेंबावर लावलेलं लेबल धड बसत नाही.

शाई, कागद आणि गम : तीन कच्च्या जागा

लेबल तीन ठिकाणी हरतं.

पहिली जागा शाईची. घरच्या किंवा सायबर कॅफेच्या इंकजेट प्रिंटरमध्ये, म्हणजे टाकीत शाई भरायच्या प्रिंटरमध्ये, रंगीत शाई बऱ्याचदा पाण्यात विरघळणारी असते. काही प्रिंटरमध्ये काळी शाई वेगळ्या प्रकारची, न विरघळणारी असते. म्हणून काळी अक्षरं शाबूत राहतात आणि स्ट्रॉबेरीचं लाल चित्र मात्र ओघळतं. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्सचं तसं नाही. त्यात शाई नसून प्लॅस्टिकची बारीक पूड असते, ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. ती पाण्याने पसरत नाही.

कोणत्या मशीनवर छापलंय हे कळत नसेल तर सोपी खूण आहे. छापलेल्या अक्षरावर पाण्याचा एक थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोट फिरवायचं. रंग पसरला तर ती छपाई ओल्या बाटलीच्या कामाची नाही.

दुसरी जागा कागदाची. कागद म्हणजे लाकडाचे बारीक तंतू. ते पाणी पितात, फुगतात, मग लेबलला लाटा येतात. वरून कितीही चकाकी असली तरी कापलेल्या कडेला हे तंतू उघडेच असतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं कडेतून पाणी आत चढतं. म्हणूनच लॅमिनेशन केलेलं कागदी स्टिकरसुद्धा कडेपासून पांढरट होऊन उचलायला लागतं. लॅमिनेशन वरून असतं, कड उघडीच राहते.

तिसरी जागा गमची. मैद्याची खळ आणि डिंक पाण्यात विरघळतात. खळीला पावसाळ्यात बुरशी धरते, झुरळंही ती खातात. पांढरा फेविकॉल वाळल्यावर घट्ट वाटतो, पण साधा प्रकार बराच वेळ ओला राहिला की पुन्हा मऊ पडतो. त्यातून काच पाणी शोषत नाही. त्यामुळे कागद आणि काच यांच्यामधला गम नीट वाळायला वेळ लागतो. तो वाळण्याआधी बाटली फ्रीजमध्ये गेली की लेबल घसरलंच.

वाईनवाल्यांनी यावर काय केलं?

ओल्या बाटलीवर लेबल टिकवण्याचा सगळ्यात जुना अनुभव वाईन आणि बिअरच्या धंद्यात आहे, कारण त्यांची बाटली बर्फाच्या बादलीत बसते. बिअरच्या बाटल्यांना दुधातल्या केसिन या घटकापासून केलेला गम लावण्याची पद्धत आहे. हा गम बर्फाच्या पाण्यात धरून राहतो आणि रिकामी बाटली परत आल्यावर गरम सोड्याच्या पाण्यात सुटतो. परदेशात घरी वाईन करणारे हौशी लोक तर लेबलच्या मागे नुसतं दूध लावतात. ते कोरड्या कपाटात टिकतं. पण नुसत्या दुधाला कारखान्यातल्या गमची ताकद येत नाही, त्यामुळे बर्फात किंवा आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर विसंबून चालणार नाही.

वाईनवाल्यांकडून घ्यायची खरी गोष्ट आहे ती बर्फाच्या बादलीची परीक्षा. लेबल बाजारात जाण्याआधी ते बर्फाच्या पाण्यात बुडवून बघतात. ती परीक्षा घरीही घेता येते. ती कशी, ते पुढे दिलं आहे.

द्राक्षाच्या पट्ट्यात एक खुलासा गरजेचा आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला, तर सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे राहिले. तिथली वाईन परवान्यावर तयार होते. घरची द्राक्षं आहेत म्हणून परवान्याशिवाय वाईन तयार करणं किंवा विकणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे. वर लेबल कितीही चांगलं लावलं तरी तो माल कायदेशीर होत नाही. घरगुती पातळीवर करायचे ते क्रश, सरबत, न आंबवलेला रस, काकवी, मध असे पदार्थ.

५०-१०० बाटल्यांसाठी कमी खर्चाची पद्धत

थोड्या बाटल्या असतील तर छापखान्यात जायची गरज नाही. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स आणि रुंद पारदर्शक चिकटपट्टी, एवढ्यात काम होतं.

१. बाटली भरून, झाकण लावून पूर्ण गार होऊ द्यायची. गरम क्रश भरल्याबरोबर लेबल लावायचं नाही. एक रात्र जाऊ द्यावी.

२. बाटली बाहेरून कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुवायची. ओघळलेला पाक, तेलकट बोटांचे डाग राहू द्यायचे नाहीत. कोरड्या सुती कापडाने पुसून पंख्याखाली वाळवायची.

३. लेबल लावायची जागा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटने पुसायची. हे काम चुलीजवळ, गॅसजवळ करू नये. स्पिरिट पटकन पेट घेतं. पुसल्यानंतर त्या जागेला हात लावायचा नाही, बाटली मानेला धरायची.

४. पॅकिंगची पारदर्शक पट्टी साधारण ४८ मिलिमीटर रुंद असते. लेबलची उंची ४२ मिलिमीटर ठेवायची. म्हणजे वर ३ आणि खाली ३ मिलिमीटर पट्टी थेट काचेला चिकटते आणि कागदाची कड बंद होते. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. मजकूर जास्त असेल तर ७२ मिलिमीटरची पट्टी घेऊन लेबल ६६ मिलिमीटरचं करता येतं.

५. लेबलच्या मागे गम लावायचा नाही. टेबलावर पट्टी चिकट बाजू वर करून ठेवायची. तिच्या मधोमध लेबल पालथं, छापलेली बाजू खाली करून बसवायचं. मग बाटली त्यावर ठेवून गोल फिरवत न्यायची.

६. पट्टी बाटलीला पूर्ण वेढा घालून स्वतःवरच एक सेंटिमीटर चढली पाहिजे. काचेवर पट्टी सुटू शकते, पण पट्टीवर पट्टी घट्ट बसते.

७. मधून कडेकडे कोरड्या कापडाने दाबत जायचं. बुडबुडा राहिला तर पाणी तिथूनच वाट काढतं.

८. लेबल लावल्यावर एक दिवस बाटली बाहेरच ठेवायची, मगच फ्रीजमध्ये. चिकटपट्टीच्या गमलाही पूर्ण पकड धरायला वेळ लागतो.

लेबल नेहमी बाटलीच्या सरळ भागावर लावायचं. मानेकडे निमुळत्या होणाऱ्या किंवा फुगीर भागावर कागद दोन्ही बाजूंनी वळत नाही, त्याला सुरकुती पडते. प्लॅस्टिकची मऊ बाटली असेल तर हातात दाबली जाणारी जागा सोडून लेबल लावावं.

मेणबत्ती घासणं, तेल लावणं असेही उपाय लोक करतात. मेणाने वरून आलेला थेंब घसरतो, पण कड बंद होत नाही. तेलाने तर कागद डागाळतो आणि गमही सुटतो. हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक वार्निशचा फवारा चालतो, पण तो लेबल बाटलीला लावण्याआधी, उघड्यावर, मालापासून लांब मारायचा आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरायचा.

शेकड्यांनी बाटल्या असतील तर प्रेसमध्ये काय सांगायचं?

सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या डिजिटल प्रिंटिंगवाल्यांकडे स्टिकर छापून मिळतात. नुसतं "स्टिकर द्या" म्हटलं तर बहुतेक वेळा क्रोमो, म्हणजे चकचकीत कागदाचं स्टिकर मिळतं. ते कोरड्या मसाल्याच्या, हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पाकिटाला ठीक. फ्रीजमधल्या बाटलीला नाही.

ओल्या मालासाठी पीपी स्टिकर मागायचं. हे प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचं असतं, कागदाचं नसतं. त्याची कड पाणी पीत नाही. हातात घेऊन फाडून बघायचं. कागद असेल तर कडेला तंतू दिसतात, फिल्म असेल तर ती ताणली जाते.

दुसरं, माल फ्रीजमध्ये राहणार आहे हे आधीच सांगायचं. स्टिकरच्या मागचा गमही वेगवेगळ्या प्रकारचा असतो आणि थंडीत चालणारा गम मागून घ्यावा लागतो. तरीसुद्धा स्टिकर लावताना बाटली गार किंवा ओली नको. गारठलेल्या काचेवर चांगलं स्टिकरही धरत नाही.

तिसरं, एकदम हजार छापायचे नाहीत. दहा नमुने घ्यायचे, परीक्षा घ्यायची, मग ऑर्डर द्यायची.

तारीख सगळ्यात आधी पुसते

लेबल टिकलं आणि तारीख गेली, असंही होतं. कारण छपाई प्रेसमध्ये होते आणि तारीख घरी टाकली जाते. साध्या बॉलपेनाचं अक्षर फिल्मवर बसत नाही. रबरी शिक्क्याची नेहमीची शाई पाण्याने पसरते. प्लॅस्टिकवर चालणारी, लवकर वाळणारी शिक्क्याची शाई स्टेशनरीच्या दुकानात वेगळी मागावी लागते. परमनंट मार्करही चालतो, पण तो स्पिरिटने पुसला जातो. म्हणून आधी स्पिरिटने बाटली पुसायची आणि तारीख नंतर टाकायची. हा क्रम उलटा करून चालत नाही.

बिलाच्या पावतीसारखे थर्मल स्टिकर तारखेसाठी वापरणार असाल तर ऊन आणि उष्णता यांपासून जपायला हवं. ते काळे पडतात किंवा अक्षर फिकट होतं. वर सांगितलेल्या झेरॉक्सच्या पद्धतीत मात्र सोपं आहे. तारीख कागदावरच छापायची किंवा पट्टीखाली जाण्याआधी लिहायची. ती झाकली गेली की पुसायचा प्रश्न नाही.

बादलीची परीक्षा

लेबल लावून एक दिवस झाल्यावर तीन बाटल्या बाजूला काढायच्या.

पहिली बाटली रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी तासभर बाहेर, पुन्हा फ्रीजमध्ये. असं तीन वेळा करायचं. दुकानात बाटलीचं हेच होत असतं.

दुसरी बाटली बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत चार तास बुडवून ठेवायची. बाहेर काढल्याबरोबर, ओली असतानाच अंगठ्याने लेबल वीस वेळा घासायचं.

तिसरी बाटली इतर बाटल्यांबरोबर खोक्यात घालून आठवडाभर ठेवायची आणि एकदा मोटारसायकलवरून बाजाराला फिरवून आणायची. बाटल्या एकमेकींवर घासून कुठे खरचटतं ते कळतं.

नंतर तीनच गोष्टी बघायच्या. कड उचलली का? तारीख वाचता येते का? नोंदणीचा नंबर पूर्ण दिसतो का? यातल्या एकाही प्रश्नाला नको ते उत्तर आलं तर पद्धत बदलायची. तीन बाटल्या वाया गेल्या तरी चालतील, तीनशे परत येण्यापेक्षा ते परवडतं.

कायदा लेबल टिकण्याबद्दलही बोलतो

अन्नपदार्थांच्या लेबलचे नियम एफएसएसएआयने २०२० मध्ये नव्याने केले. लेबल डब्या-बाटलीपासून सुटता कामा नये आणि मजकूर ठळक, वाचता येईल असा व न पुसणारा हवा, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे गळून पडलेलं लेबल हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, नियमाचाही आहे.

बाटलीवर पदार्थाचं नाव, घटक, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची किंवा भरल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख या प्रमुख गोष्टी लागतात. वजन-मापाच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्कही द्यावा लागतो.

इथे बरेच जण एक चूक करतात. सगळं लेबल फक्त मराठीत छापतात. आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो, त्याच्या जोडीला मराठी जरूर देता येते. छापायच्या आधी हे बघून घेतलं तर दुसऱ्यांदा छपाईचा खर्च वाचतो.

नावाबद्दलही जपून राहायला हवं. महाबळेश्वर स्ट्रॉबेरी, सांगलीचा बेदाणा आणि सांगलीची हळद यांना भौगोलिक मानांकन आहे. लेबलवर हे मानांकन किंवा त्याची खूण छापायची असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते. शेजाऱ्याने छापलं म्हणून आपणही छापलं, असं चालत नाही.

काकवी आणि मध भरायला जुन्या बाटल्या वापरण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. त्यात दारूच्या बाटल्याही असतात. जुनं लेबल अर्धवट खरवडून त्यावर नवं लावलं की ते ओल्यात पहिल्यांदा सुटतं आणि खालचं जुनं नाव गिऱ्हाइकाला दिसतं. विक्रीच्या मालासाठी खाद्यपदार्थाला योग्य अशी नवी बाटलीच घ्यावी. घरच्या वापरासाठी जुनी बाटली घेतलीच तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवायची, लेबल आणि गम पूर्ण काढायचा आणि बाटली आतून-बाहेरून स्वच्छ धुवायची. सोड्याच्या पाण्यात हात घालताना हातमोजे वापरावेत.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

बाटली गार झालेली, स्वच्छ आणि कोरडी हवी. छपाई लेझर किंवा झेरॉक्सची हवी. कागद असेल तर त्याची चारही बाजूंची कड पट्टीखाली बंद करायची, नाहीतर सरळ पीपी स्टिकर घ्यायचं. लेबल लावल्यावर एक दिवस थांबायचं आणि तारीख पुसणार नाही अशी टाकायची.

स्ट्रॉबेरीचा हंगाम हिवाळ्यात येतो, पण त्याची क्रश वर्षभर विकली जाते. जानेवारी-फेब्रुवारीत कोरड्या हवेत लावलेलं लेबल जुलैच्या धुक्यातही वाचता आलं पाहिजे. त्यामुळे बादलीची परीक्षा पावसाळ्याची वाट न बघता, बाटल्या भरतानाच घेतलेली बरी.